खुर्चीच्या आधी घर मोजणाऱ्या थेरपिस्ट मॅडमना

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

आईला हिंडता-फिरता यावे म्हणून विजेवर चालणारे साधन निवडताना आपण जी मदत केलीत, तिच्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण आमवाताने हातपाय आखडलेल्या अनेकांच्या घरी आज हाच प्रश्न आहे.

दुकानात आम्हाला चारचाकी मोबिलिटी स्कूटर (चालता न येणाऱ्यांनी बसून चालवायची छोटी गाडी) सुचवली गेली होती आणि ती आईच्याही मनात भरली होती. आपण मात्र कोणत्याही साधनाचे नाव काढण्याआधी तिची मनगटे, बोटे आणि खांदे तपासलेत. स्कूटर वळवायला दोन्ही हात पुढे करून हँडल फिरवावे लागते, ती चालू राहण्यासाठी लिव्हर दाबून धरावा लागतो आणि चढता-उतरताना काही क्षण तरी पायांवर उभे राहावे लागते. सुजलेल्या सांध्यांना हे झेपणार नाही, हे आपण आम्हा मुलांना बाजूला न घेता थेट आईला समजावलेत. निर्णय तिचा राहिला, याचे मोल आम्हाला फार वाटते.

माझ्या भावाने चाकाच्या खुर्चीला पुढून जोडायच्या मोटरचा, म्हणजे आयआयटी मद्रासशी निगडित कंपनीच्या निओबोल्टसारख्या साधनाचा पर्याय काढला, तेव्हा ज्यांचे खांदे आणि हात बळकट आहेत व ज्यांना रस्त्यावर लांब जायचे आहे, त्यांच्यासाठी ते उत्तम असल्याचे आपण सांगितलेत. आईची गरज पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची होती. म्हणून जॉयस्टिकची, म्हणजे हाताशी असलेला छोटा दांडा हलवून चालवायची, घडी होणारी विजेची चाकाची खुर्ची ठरली. तीही न्हाणीघराचे 26 इंची दार, बोळातले वळण आणि लिफ्ट आपण स्वतः टेपने मोजल्यानंतरच. तिचा डावा हात त्यातल्या त्यात बरा असल्याने जॉयस्टिक डावीकडे बसवून घेतलीत आणि बोटे मिटत नाहीत म्हणून जॉयस्टिकवर जाड, मऊ मूठ लावायला सांगितलीत. लेड-ॲसिडऐवजी लिथियम बॅटरी घेतल्याने वजन कमी झाले. विमानप्रवासात काढता येण्याजोग्या एका लिथियम बॅटरीला 300 वॅट-अवर क्षमतेची मर्यादा असते, ही आपण दिलेली माहिती बहिणीकडे दिल्लीला जाण्याचे ठरवताना उपयोगी पडली.

मात्र माझ्या मते आपली सर्वांत मोठी मदत सोसायटीच्या बैठकीत झाली. प्रवेशद्वाराच्या दोन पायऱ्यांची उंची मिळून 14 इंच आहे आणि समितीने तेथे सहा फुटांचा रॅम्प ठरवला होता. उंचीच्या निदान बारापट लांबी हवी, म्हणजे 14 फूट, आणि त्याहून खड्या चढावर बसलेल्या माणसासह खुर्ची मागे कलंडू शकते, हे आपण समितीला कागदावर आकृती काढून दाखवलेत. रविवारची दुपार आपण त्यासाठी दिलीत आणि त्याचे शुल्कही घेतले नाहीत. रॅम्प आता 14 फुटांचा आहे, दोन्ही बाजूंना कठडा आहे, आणि पहिल्या मजल्यावरचे काठी घेऊन चालणारे आजोबाही तो वापरतात.

आई रोज संध्याकाळी स्वतः खुर्ची चालवत खाली बागेत जाते. फार वेळ बसल्यावर तिच्या माकडहाडाजवळ दुखू लागले आहे, म्हणून बसायची गादी बदलावी का, हे विचारण्यासाठी पुढच्या आठवड्यात तिला घेऊन आपल्याकडे येत आहोत. तिने आपल्याला आवर्जून नमस्कार सांगितला आहे.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा मुलगा