रिकामी नळी

फिनिक्स, ॲरिझोना
१४ जुलै

ती. बाबा,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "गाड्या आपल्या आपण चालणार म्हणतेस, मग रस्ता आखायला तुला पगार कशाला देतात?" मी हसले, तेवढ्यात आईने फोन घेतला, तिला माझ्या खोकल्याची चौकशी करायची होती. प्रश्न तसाच राहिला. आज संध्याकाळी धुळीचं वादळ आलं आणि ऑफिसातून निघता येईना, म्हणून तिथेच बसून हे लिहायला घेतलं. फोनवर तुम्ही मला मध्ये मध्ये थांबवता. पत्रात ते जमणार नाही.

आधी इथली रीत सांगते. तुम्ही साखळी आणि झेंडे घेऊन सरळ माळावर उतरायचात, तसं इथे नाही. आधी नुसता पट्टा ठरतो. आमच्या राज्यात इंटरस्टेट ११ नावाचा रस्ता कागदावर आहे, मेक्सिकोच्या सीमेवरच्या नोगालेसपासून वर विकेनबर्गपर्यंत, २८० मैल, म्हणजे साडेचारशे किलोमीटर. त्याच्या पर्यावरण अभ्यासाचा पहिला टप्पा नोव्हेंबर २०२१ मध्ये संपला. त्यातून हाती काय आलं, तर २,००० फूट रुंदीचा पट्टा. रस्ता यातून कुठूनतरी जाईल, एवढंच. चारशे फुटांच्या आतली नेमकी आखणी दुसऱ्या टप्प्यात. टूसॉन शहरापाशी तर त्या निर्णयातही दोन पर्याय उघडे ठेवले, एक पश्चिमेच्या आव्रा खोऱ्यातून आणि एक जुन्याच हायवेला धरून. मी त्या रस्त्यावर नाही, माझा पट्टा खूप लहान आहे, पण पद्धत हीच. आज आम्ही मारलेल्या रेघेवर गाडी धावायला पंधरा-वीस वर्षं सहज जातात, आणि एकदा रस्ता झाला की पुढची पन्नास वर्षं तो जागचा हलत नाही. गाडीतलं यंत्र मात्र चार-पाच वर्षांत जुनं होतं. माझं सगळं काम या दोन घड्याळांच्या मधलं आहे.

लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. एक बघणारी गाडी आणि एक बोलणारी. बघणारी कॅमेरा, रडार आणि लायडार (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) लावून स्वतःपुरतं बघते आणि चालते. या शहराच्या परिसरात ऑक्टोबर २०२० पासून वेमो कंपनीच्या टॅक्सी ड्रायव्हरशिवाय कोणालाही नेतात, त्या या जातीच्या. बोलणारी गाडी सेकंदाला दहा वेळा रेडिओवर सांगत असते की मी इथे आहे, वेग एवढा, तोंड या दिशेला, आत्ता ब्रेक दाबलाय. शेजारची गाडी ते ऐकते, रस्त्याकडेच्या खांबावरची पेटी ऐकते. वळणाआड थांबलेला ट्रक कॅमेऱ्याला दिसणार नाही, पण त्याचा आवाज रेडिओला पोचेल. बघणारीला आमच्याकडून फार काही नको असतं. बोलणारीला मात्र रस्त्याकडून उत्तर हवं असतं, आणि तिथेच माझ्या खात्याचं हसं झालं.

१९९९ साली इथल्या दूरसंचार आयोगाने ५.९ गिगाहर्ट्झजवळची रेडिओ लहरींची ७५ मेगाहर्ट्झची पट्टी या बोलण्यासाठी राखून ठेवली. राज्यांनी हौसेने खांबांवर पेट्या चढवल्या. गाड्यांत मात्र रेडिओ जवळजवळ आलेच नाहीत. पेट्या पुरेशा नाहीत म्हणून गाडीवाले थांबलेले, गाड्या नाहीत म्हणून रस्तेवाले थांबलेले. शेवटी नोव्हेंबर २०२० मध्ये आयोगाने त्यातले ४५ मेगाहर्ट्झ वायफायला देऊन टाकले आणि उरलेल्या ३० मध्ये वेगळ्याच पद्धतीचा रेडिओ वापरा म्हणून सांगितलं, मोबाइलच्या घराण्यातला. त्याचे पक्के नियम यायला २०२४ उजाडलं. जुनी पेटी नव्या गाडीला समजत नाही. एके ठिकाणी, नाव लिहीत नाही, मी अशा पेट्या खांबावरून उतरवताना पाहिल्या. काही तर एकाही गाडीशी न बोलता निवृत्त झाल्या असतील. पण पेटी खाली आली तरी तिच्यापर्यंत गेलेली नळी, वीज आणि फायबर जिथल्या तिथे होतं. नव्या पेटीला तेच लागणार होतं.

याच्याही आधीचा किस्सा आहे. १९९१ च्या कायद्यात इथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, हुकूम सोडला की १९९७ पर्यंत स्वयंचलित हायवेचा नमुना करून दाखवा. ऑगस्ट १९९७ मध्ये सॅन डिएगोजवळ इंटरस्टेट १५ च्या साडेसात मैलांच्या लेनमध्ये, दर चार फुटांवर एक असे चुंबक पुरून, आठ ब्युइक गाड्या एकामागोमाग स्टिअरिंगला हात न लावता पळवून दाखवल्या. प्रयोग फत्ते झाला. पुढच्याच वर्षी सरकारने कार्यक्रम गुंडाळला. आता विचार करा, त्या उत्साहात देशभर चुंबक पुरले असते तर? आजची गाडी चुंबकाकडे ढुंकूनही बघत नाही, ती पांढरी रेघ बघून जाते.

म्हणून मी नकाशावर सगळ्यात जास्त हट्टाने काय मागते, तर रिकामी नळी. साइडपट्टीच्या कडेने जाणाऱ्या दोन-तीन नळ्या, ठरावीक अंतरावर झाकणाचे चेंबर, मधून मधून रस्त्याखालून आडव्या. आत आज काहीही नाही, पुढे जी तार लागेल ती ओढायची. माती उकरलेलीच असते तेव्हा नळी टाकायला फारसं काही लागत नाही, नंतर चालू हायवे अडवून खोदायला मात्र डोळे पांढरे होतात. मीटिंगमध्ये हे सांगितलं की लोकांची तोंडं उतरतात. त्यांना चित्रात निळे तरंग सोडत जाणारी गाडी हवी असते. तुम्हीही नव्या रस्त्याखाली एखादा जादा ह्यूम पाइप टाकून ठेवायचात, पुढे कोणाला पाणी पलीकडे न्यायचं झालं तर डांबर फोडावं लागू नये म्हणून. साहेब विचारायचे, हा एस्टिमेटमध्ये कुठे आहे? मला अगदी हाच प्रश्न येतो, फक्त इंग्रजीतून.

रेघेचं सांगते. इथल्या रस्त्यांवरच्या खुणांच्या राष्ट्रीय नियमपुस्तकाची अकरावी आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये आली. तिच्यात पहिल्यांदाच स्वयंचलित गाड्यांसाठी वेगळा भाग घातलाय, आणि हायवेच्या लेनची रेघ चारऐवजी सहा इंच रुंद करायला सांगितलंय. दोन इंचांसाठी किती भांडणं झाली असतील! पण कॅमेऱ्याचा खरा शत्रू बारीक रेघ नव्हे, खोटी रेघ. काम चालू असताना जुनी रेघ खरवडून लेन बाजूला वळवतात, आणि पाऊस पडला की खरवडलेली जागाच जास्त चमकते. गाडी बिचारी तिच्या मागे जाते. माणूसही जातो म्हणा, मीच एकदा गेले आहे.

आता खास तुमच्यासाठी. माणूस चालवतो तेव्हा गाडी लेनमध्ये थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे सरकत राहते. चाकांचा भार त्यामुळे हात-दीड हात रुंदीवर वाटला जातो आणि आपली जाडीची गणितं तेच गृहीत धरतात. यंत्र मात्र लेनच्या बरोब्बर मधोमध जातं. प्रत्येक ट्रक, रोज, त्याच वितीभर पट्ट्यावरून. मग डांबराला चाकोरी पडते, अगदी शब्दशः चाकोरी, आणि तिच्यात पाणी साठतं. यावर उपाय दोन. एक, चाकांखालचा थर दणकट करा. दुसरा फुकटचा: ट्रकला सांगा की आज चार बोटं डावीकडून जा, उद्या चार बोटं उजवीकडून. तसं नीट वाटून दिलं तर माणसाच्या डुलण्यापेक्षाही रस्ता जास्त टिकेल. म्हणजे आधी पैसे खर्चून यंत्राला सरळ चालायला शिकवायचं आणि मग आम्ही त्याला डुलायला सांगायचं. मला हे फार आवडतं.

ट्रकांचं आणखी एक आहे. रेडिओने बांधलेले तीन-चार ट्रक एकमेकांच्या अगदी मागे ठेवले तर वारा कमी लागतो, डिझेल वाचतं. पण लांब गाळ्याच्या पुलावर मग एरवी मावले नसते इतके ट्रक एकाच वेळी उभे राहतात. आणि बाजूच्या रॅम्पवरून हायवेवर शिरणाऱ्या गाडीला ती एक भिंतच. फट नाही. म्हणून माझ्या पट्ट्यात शिरायच्या लेन मी लांब ठेवल्यात, आणि रॅम्पजवळ तांडा मोडावा अशी टीप लिहिलीय. टीप कोण वाचतं ते बघायचं.

भांडण खरं पेटतं ते लेन किती यावर. एक बाजू म्हणते, गाड्या हुशार झाल्या की दोन लेनमध्ये चार लेनचं काम होईल, जमीन कशाला घेता? त्यांच्याकडे कागद आहे. बर्कलेच्या 'पाथ' संस्थेतल्या लोकांनी २०१२ मध्ये संगणकावर मांडून दाखवलं की सगळ्याच गाड्या रेडिओने बोलायला लागल्या तर एका लेनची क्षमता जवळजवळ दुप्पट होते. पण तोच कागद पुढे सांगतो की नुसत्या रडारने अंतर राखणाऱ्या गाड्या कितीही आल्या तरी फरक जवळपास शून्य. आणि 'सगळ्याच' या शब्दाचं काय? या देशात रस्त्यावरच्या गाडीचं सरासरी वय बारा वर्षांच्या वर गेलंय. दुसरी बाजू वेगळाच कागद दाखवते. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या तेरा जणांना आठवडाभर फुकट ड्रायव्हर दिला, जणू गाडी आपोआप चालते. त्यांच्या गाड्यांचं फिरणं ८३ टक्क्यांनी वाढलं. तेरा माणसं म्हणजे काहीच नाही, हे मान्य. तरी मला ते पटतं. माणसाला वेळ फुकट मिळाला की तो लांब राहायला जातो आणि वाळवंटात नवीन वसाहत उभी राहते. मी मधला मार्ग सुचवला: आत्ता दोनच लेन, पण दुभाजक रुंद आणि वरच्या पुलांचे खांब तिसऱ्या लेनची जागा सोडून. दोन्ही बाजू माझ्यावर नाराज आहेत.

एका तरुण सहकाऱ्याने तर थांबण्याच्या अंतरालाच हात घातला. ताशी ७० मैलांना गाडी थांबायला आम्ही ७३० फूट धरतो, म्हणजे वळणावरही तेवढा रस्ता पुढे दिसायला हवा; त्यात अडीच सेकंद चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे. तो म्हणाला, यंत्राला अडीच सेकंद कशाला? वळण आवळू, डोंगर कमी फोडू. गणित बरोबर होतं. मी नाही म्हटलं. त्या वळणावर यंत्राच्या मागोमाग वीस वर्षं जुना पिकअप येणार आणि तो चालवणारा झोपेला आलेला असणार. शिवाय यंत्रालाही कातळाच्या आरपार दिसत नाही. वळण एकदा कापलं की ते सरळ करायला कोणी पैसे देत नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतं.

यंत्र काय विसरतं, ते या शहरानेच पाहिलंय. मार्च २०१८ मध्ये शेजारच्या टेम्पीत, रात्री, चाचणीवरच्या एका गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. चौकशीत निघालं की ती झेब्रा क्रॉसिंगवर नव्हती, म्हणून प्रणालीने तिला पादचारी धरलंच नाही. तेव्हापासून आखणी बघताना मी आधी हे बघते की लोक आज ही जमीन कुठून ओलांडतात, आणि तिथे खालून वाट ठेवते. कुंपण घालून वाटा बुजत नाहीत.

आजच्या धुळीकडे येते. इथून टूसॉनला जाताना पिकाचो शिखराजवळ इंटरस्टेट १० वर दहा मैलांचा एक तुकडा आहे. धूळ उठली की तिथली रडार आणि संवेदकं ती ओळखतात, आणि फलकांवरची वेगमर्यादा ७५ वरून खाली येत येत ३५ पर्यंत येते. २०२० पासून हे चालू आहे. दाट धुळीत लायडारलाही समोर भिंतच दिसते. अशा वेळी रस्त्याने गाडीला दोन मैल आधी सांगितलं की पुढे काही दिसत नाही, तर त्याला मोल आहे. या सगळ्या तंत्रातलं मला मनापासून पटलेलं काम कोणतं विचाराल तर हे. आणि त्याच्यामागेही शेवटी खांब, वीज आणि नळीच आहे.

वादळ ओसरलंय, निघते आता. तुम्ही एक मात्र नक्की कळवा. ते जादा पाइप टाकताना दोन पाइपांत अंतर किती ठेवायचात, आणि तोंडं बुजू नयेत म्हणून काय लावायचात? माझ्या नळ्यांच्या टोकांना उंदीर लागतात आणि ठेकेदार म्हणतो फोम भरू. जुन्या वहीत लिहिलेलं असेल तर फोटो पाठवा, आईकडून काढून घ्या, तुमचे हलतात. खोकला बरा आहे म्हणून तिला सांगा.

तुमची,
धाकटी