ग्रुपवर नको, तिला एकटीला लिही

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, कॉलेजच्या ग्रुपवर आता नुसते केकचे फोटो आणि 'हॅपी बर्थडे' उरलेत. रूममेट पुण्यातच असून भेटत नाही, हे तुला जास्त लागलंय. भांडण तर झालं नाही ना? मग काही बिघडलेलं नाही. तुमचं एका खोलीत राहणं संपलं, एवढंच.

कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी 2018 साली मांडलं होतं की, जेमतेम मैत्री व्हायला साधारण 50 तास सोबत घालवावे लागतात, जिवलग व्हायला 200 च्या वर. हॉस्टेलवर हे तास तुम्हाला फुकटात मिळाले. आता ऑफिस, ट्रॅफिक, डबा यातून ते कुठून काढणार? पण माझं मत विचारशील तर, जुनी मैत्री थोडक्यातही टिकते.

आमच्या पिढीच्या बायकांचं तर वेगळंच. लग्न झालं की आडनाव बदललं, कुणाकुणाचं नावही. माझी शाळेतली मैत्रीण फेसबुकवर माहेरच्या नावाने सापडेचना. शेवटी तिच्या भावावरून पत्ता लागला. आता भिवंडीत असते. लहानपणी तिच्या घरात कापड विणायचे माग होते, सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत असायचे तसे. त्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचं. व्हॉइस मेसेज अजून तसाच पाठवते, मी फोन हातभर लांब धरते. बाबा आतून विचारतात, "कोण भांडतंय?" तिचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं तेलुगू, ते तेलुगू मला तेव्हाही धड कळत नव्हतं. मधे इतकी वर्षं कुठे होतीस, हे आम्ही एकमेकींना विचारलंच नाही. महिनामहिना तिचं काही येत नाही, मग एक दिवस भाजी निवडता निवडता मोठ्ठा मेसेज येतो.

ग्रुपचं म्हणशील, तर तिथे कोण मनातलं लिहिणार? सासूबाईंचं ऑपरेशन, पैशांची ओढाताण, हे काय सगळ्यांसमोर मांडायचं? ते एकीलाच सांगायचं असतं. तर तू तुझ्या रूममेटला वेगळं लिही. 'कशी आहेस' नको, त्यावर 'मजेत' एवढंच येतं. तिच्या आईचे गुडघे आता कसे आहेत, ते विचार. दोन-तीनदा तूच आधी लिहिलंस म्हणून कमीपणा येत नाही. तरीही टाळलंन, तर नाद सोड.

यंदा सोलापूरला गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, येणार असशील तर तिलाही विचारून बघ, त्यातला देवाच्या लग्नाचा अक्षता सोहळा पाहायचा म्हणायची ना? हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट मात्र आधी काढ, संक्रांतीला फार गर्दी असते.

तुझी,
आई