कागद लावण्याआधी

चि. प्रज्ञा,
सप्रेम जयभीम.

त्या लेखिकेच्या घरून आलेली खोकी तुझ्या ताब्यात आली, आणि वरून सांगणं आलं की कविता एकीकडे, पत्रं एकीकडे, हिशेबाचे कागद रद्दीत, असं महिन्याभरात उरकून टाका. तू विचारलंस, "बाबा, तुम्ही काय केलं असतं?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

आधी काहीही हलवू नकोस. कुठल्या खोक्यात, कुठल्या फायलीत, कशाखाली काय होतं ते वहीत उतरव, फोटो काढ, मगच हात लाव. दूधवाल्याच्या हिशेबात सापडलेलं कवितेचं चिठोरं उचलून कवितांत नेलंस, की ते कोणत्या वर्षाचं हे सांगणारा शेजारच गेला.

आपल्या कपाटातले बाबासाहेबांचे इंग्रजी खंड तू शाळेत असल्यापासून चाळतेस. आता त्यातल्या संपादकांच्या टिपा वाच, बारीक अक्षरातल्या. १९५६ च्या ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले तेव्हा कितीतरी लिखाण अपुरं होतं. १९६७ साली दिल्लीचं अलीपूर रोडचं घर रिकामं करवून घेतलं तेव्हा कागद बाहेर पडले, पावसात भिजले, हे आपल्याकडे अजून हळहळून सांगतात. उरलेलं बरंच वारसांच्या वादात सरकारी प्रशासकाकडे पेट्यांत बंद होतं. महाराष्ट्र शासनाने १९७६ साली हे लिखाण छापण्यासाठी समिती नेमली आणि पुढे हे काम आपल्या नागपूरच्या वसंत मून यांच्याकडे आलं. माणूस महसूल खात्यातला, पण कागदाची किंमत जाणणारा. पहिला खंड १४ एप्रिल १९७९ ला निघाला.

तिसरा खंड काढून बघ. 'इंडिया अँड कम्युनिझम' या नियोजित पुस्तकाचा तीन भागांचा आराखडा त्यात आहे, पण हाती लागलेली प्रकरणं दोनच. बाकीची कुठूनतरी जुळवून पुस्तक 'पूर्ण' करायचा मोह कुणालाही झाला असता. संपादकांनी आराखडा छापला, दोन प्रकरणं छापली आणि बाकीचं मिळालं नाही असं स्पष्ट लिहिलं. इतर लेखांवरही तशाच टिपा आहेत: टंकलिखित पानं किती, प्रती किती, शेवटचा मजकूर हाताने लिहिलेला आहे का. मला त्या टिपा मूळ मजकुराइतक्याच मोलाच्या वाटतात. बाबासाहेब कुठे थांबले ते त्यांच्यामुळे कळतं.

चौथ्या खंडाचं, 'रिडल्स इन हिंदुइझम'चं, तर तुला ठाऊकच आहे. १९८७ साली तो आला आणि राम-कृष्णांवरच्या प्रकरणावरून महाराष्ट्र पेटला. खंडाच्या प्रती जाळल्या गेल्या. १९८८ च्या फेब्रुवारीत आपली माणसं मुंबईत लाखांनी रस्त्यावर उतरली. ते प्रकरण मूळ अनुक्रमणिकेत नव्हतं, म्हणून संपादकांनी ते परिशिष्टात घातलं होतं आणि तसं नोंदवलंही होतं. गाळलं नाही, गुपचूप मध्येही सरकवलं नाही. शेवटी शासनाने या मतांशी आपण सहमत असू असं नाही अशी टीप जोडली, पण प्रकरण राहिलं. माझं स्पष्ट मत आहे की त्या साध्या नोंदीमुळे संपादकांकडे बोट दाखवायला जागा उरली नाही. तुझ्या वहीतली एक ओळ कधी अशी उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

आता तुझी खरी अडचण. घरचे म्हणतात, त्या दोन पाकिटांतली खाजगी पत्रं परत द्या किंवा फाडून टाका. फाडायची नाहीत. घरच्यांचा संकोच मला समजतो, त्यात हयात माणसांची नावं असतील. त्यांच्याकडून लेखी घे की पत्रं अमुक वर्षापर्यंत कुणाला दाखवायची नाहीत. पाकीट सीलबंद कर, वर तारीख टाक, आणि यादीत 'बंद' म्हणून नोंद ठेव. परत मागितलीच आणि द्यावी लागली, तर काय दिलं, किती पानं दिली, कुणाला दिली, हे तरी यादीत राहू दे. काहीतरी काढलंय हे पुढच्या वाचणाऱ्याला कळायलाच हवं.

आणि हिशेबाचे कागद रद्दीत जाऊ देऊ नकोस. चार मुलांचं करून लिहिणाऱ्या बाईला वेळ कधी मिळत होता, हे किराणा आणि फीच्या पावत्यांवरूनच कळेल. कवितांत ते कुणी लिहून ठेवत नाही.

स्टेपलच्या पिना गंजल्या असतील. ओढू नकोस, कागद फाटतो. मागचे पाय हळूच सरळ करून काढ. आकडे शिसपेन्सिलीनेच, कोपऱ्यात. वर्तमानपत्राची कात्रणं हस्तलिखितांना चिकटून ठेवू नकोस, त्यांचा पिवळेपणा शेजारच्या पानावर उतरतो. पण कुठून उचललीस ते लिहून ठेव. कसर दिसली तर ते खोकं त्याच दिवशी बाजूला घे.

महिन्यात हे होणार नाही, हे वरिष्ठांना तोंडी सांगू नकोस, टिपण दे. पहिल्या खोक्याची पूर्ण यादी सोबत जोड. यादी बघितली की बहुतेक माणसं मुदत वाढवून देतात. मसुदा मला पाठव, मी बघून देतो.

आई सांगते, मास्क लावूनच बस, जुन्या कागदांची धूळ तुला सोसत नाही.

तुझा,
बाबा