तो फोन मीच केला रे

प्रिय बंड्या,

मार्चपासून तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही, शिव्या घाल, पण त्या नंतर. आधी हे वाच आणि ग्रुपवर टाकू नकोस, तुझ्या पोटात काही राहत नाही हे मला शाळेपासून माहितीये.

विसर्जनाच्या रात्री मी 112 ला फोन केला. आपल्याच मंडळाविरुद्ध.

मे मध्ये अण्णांना अटॅक येऊन गेला, आता बरे आहेत. मी ठीक, शुगर जराशी. तर दिवसा अण्णा मजेत होते, लक्ष्मी रोडच्या खिडकीत खुर्ची टाकून बसले, तांबडी जोगेश्वरीची पालखी आली तेव्हा उठून हात जोडले, एवढंच नाही तर गुरुजी तालमीपुढचं ढोल-ताशा पथक बघून 'ताशा मागे पडतोय' असं म्हणाले सुद्धा. खरंच पडत होता. मानाचे पाच गणपती पुढे गेले तसं त्यांना झोपवलं.

मग रात्री साडेबाराला आपली गाडी खिडकीखाली येऊन थांबली. पुढची मंडळं हलेनात म्हणून तिथेच उभी. स्पीकरच्या भिंती मी मोजल्या नाहीत पण स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे फळीवर चालायला लागले रे, म्हणजे अक्षरशः सरकत कडेला आले, मी हाताने धरून उभा. स्पीकरला सूट रात्री 12 पर्यंतच असते. मोबाईलच्या अ‍ॅपवर 98 डेसिबल, तेही खिडक्या लावून, आणि रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा 45! आत जाऊन बघतो तर अण्णा कानांवर उशी दाबून भिंतीकडे तोंड करून बसलेले. काही बोलले नाहीत. बाथरूममध्ये जाऊन फोन लावला, तिथेही समोरच्या बाईंना तीनदा पत्ता ओरडून सांगावा लागला. वीस मिनिटांत पोलीस आले आणि आवाज बंद.

आता तू हसशील. 2024 ला हरित लवादाने पथकात 30 च जण ठेवा म्हटलं आणि सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, तेव्हा ऑफिसात पेढे कोणी वाटले? मी. नदीपात्रात दोन-दोन महिने प्रॅक्टिस करून तळहात फुटायचे तरी पट्ट्या चिकटवून वाजवायचो, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून ओरडायच्या, 'आमचे हे आजारी आहेत रे', आणि आपण काय केलं होतं? अजून जोरात टिपरू हाणलं होतं. तू हसत होतास. मीही. त्यांचे मिस्टर पुढच्या पावसाळ्यात गेले ते आपल्या आवाजाने नव्हे, माहितीये मला, पण त्या रात्री डबे धरून उभा असताना त्याच आठवल्या.

ढोल वेगळा, डीजे वेगळा, असं स्वतःला सांगतोय. तू म्हणशील, कानाला काय कळतंय? (2011 ला अलका चौकात माझा ताणलेला ढोल घेऊन तू पुढे गेलास आणि मला ढिल्या दोरीचा दिलास, ते मी विसरलेलो नाही.)

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. अध्यक्ष प्रसाद घेऊन घरी. अण्णांच्या पाया पडला, मला म्हणाला, 'कोणीतरी हरामखोराने फोन केला, दादा, शोधतोच.' मी म्हटलं, सापडला की कळव. आणि वर प्रसादाचे दोन मोदक खाल्ले. तेव्हापासून घशाशी काहीतरी अडकलंय. वर्गणी मी दरवर्षी 5,000 देतो, येत्या रविवारी हिशोबाची मीटिंग आहे, त्यात मला सल्लागार करायचं चाललंय म्हणे. जाऊन सरळ सांगू? की सल्लागार होऊन पुढच्या वर्षी स्पीकरच काढून टाकायला लावू आणि तोंड बंद ठेवू? बायको म्हणते दुसरं कर. अण्णांना तर फोनचं माहीतच नाही, त्यांना वाटतंय पोलीस आपणहून आले, पोलिसांचं कौतुक चाललंय.

तुझी नवी नोकरी कशी आहे, पिल्लूची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार.

रविवारच्या आत फोन कर. रात्री दहानंतर नको, रिंगने अण्णा जागे होतात.

तुझाच,
पक्या