सप्टेंबरचा कुठला आठवडा?

१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय बंड्या,

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, माझी शुगर काठावर आहे. पुढे चल.

मार्चनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. कामाचं निमित्त सांगत नाही. यंदाही मी एल्कच्या, म्हणजे इथल्या थोरल्या हरणाच्या, शिकारीचा परवाना काढला होता आणि तू पुन्हा बोलणं टाकशील अशी भीती वाटत होती. मागच्या वेळी दीड वर्ष टाकलं होतंस, आणि वहिनींनी मध्ये पडून फोन हातात दिला नसता तर अजूनही टाकलेलंच असतं. इथे ते कायद्यात बसतं, खाण्याजोगं मांस रानात टाकून आलास तर गुन्हा होतो, हे सगळं तेव्हाच सांगून झालंय. आज तो वाद नको. आज १९ सप्टेंबरची सकाळ सांगायची आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

आधी तारखांचा घोळ ऐक. कोलोरॅडोत धनुष्यबाणाचा हंगाम २ ते ३० सप्टेंबर. माझ्याकडे रजेचे दिवस पाच. एल्क माजावर येतात ते दिवस लहान होत जातो त्या हिशेबाने. ऊन फार असलं तर नर रात्री ओरडतात, दिवसा गप्प बसतात, पण माजाची तारीख हलत नाही. मादी जेमतेम एक दिवस माजावर असते. उलटली तर पुन्हा तीन आठवड्यांनी. पोटात आठ महिने धरले की पाडसं मेअखेर-जूनमध्ये होतात, बर्फ वितळून कुरणं हिरवी झालेली असतात तेव्हा. म्हणजे सप्टेंबरची तारीख जूनच्या गवताने ठरवलेली. बापूंना हे सांगायला हवं होतं, खूश झाले असते.

पहिल्या आठवड्यात मी तीन वर्षं गेलो. रान मुकं. चिखलात लोळून गेलेल्या नराच्या खुणा दिसतात, नर दिसत नाही. पंधराच्या पुढे मात्र डोंगर दणाणतो. आधी खालच्या सुरात हुंकार, मग शिट्टीसारखा चढत चढत फाटणारा आवाज, शेवटी ठसका लागल्यासारखे तीन-चार खोकले. पण तोवर थोरल्या नराने माद्या गोळा केलेल्या असतात. तू त्याच्यासारखी आरोळी दिलीस की तो भांडायला येत नाही, माद्यांना हाकत पलीकडच्या धारेवर निघून जातो. माझं मत असं की धनुष्यवाल्याचा खरा मोका त्याच्या आधीचे चार-सहा दिवस, नर एकटा माद्या हुडकत फिरत असतो तेव्हा. इथले जुने लोक यावर माझ्याशी तावातावाने भांडतात.

आता आपलं पंचांग त्यावर ठेव. यंदा ६ सप्टेंबरपर्यंत गणपती. ८ ते २१ पितृपक्ष. त्यातच १३ ते २१ ठासणीच्या बंदुकांचा हंगाम, म्हणजे रानात माणसंच माणसं. २२ला घट. बाबांची तिथी दशमी, १६ला. ती झाली आणि १७ला पहाटे मी निघालो. आईला म्हटलं, नुसतं बघायला जातोय. धनुष्य आदल्या रात्रीच गाडीत ठेवलं होतं.

फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात, मीकरच्या बाजूने वर गेलो. दोन दिवस नुसती पायपीट. तिसऱ्या सकाळी, आठच्या सुमारास, ॲस्पेनच्या झाडांच्या कडेला एका पडलेल्या खोडामागे गुडघ्यावर होतो. वारा गार, डोंगरावरून खाली उतरणारा, माझ्या तोंडावर. वरून एक नर आला, आवाज न करता. आधी वास आला. बंड्या, तुमच्या वाड्यातला तो बोकड आठव, काकू ज्याला परसात सुद्धा येऊ देत नसत. तोच वास, शंभर पट. पोटाखाली चिखल वाळून पोपडे धरलेला, एका शिंगाला गवताचा झुपका लोंबतोय. बावीस यार्ड. आडवा उभा. मी दोरी ओढली, गालाशी धरली.

आणि त्या वेळी मला आईने कावळ्यासाठी वाढलेलं पान दिसलं. वडे, खीर, आमसुलाची चटणी. मनात आलं, हे नव्वद-शंभर किलो मांस मी कुठल्या घरात नेऊन ठेवणार आहे?

तेवढ्यात उतारावर ऊन आलं आणि वारा फिरला. मानेला गार लागलं. त्याने मान वळवली, थेट माझ्याकडे पाहिलं, आणि फांद्या मोडत गेला.

सगळ्यांना मी सांगितलं, वारा फिरला. खोटं नाही ते. पण दोरी मी आधी सैल केली होती की नंतर? दोन-तीन सेकंदांचा प्रश्न आहे आणि तीन आठवडे मला झोप नाही. मेळघाटात सेमाडोहच्या मचाणावर, बुद्धपौर्णिमेच्या प्राणिगणनेला, मी तक्त्यात बिबट्या लिहिला आणि तू सही करेना. "दिसला नाही तर लिहायचा नाही." मी तुला काय काय बोललो त्या रात्री. तो बिबट्या मला दिसला नव्हता रे. हलणारी सावली होती. हे आज, पंचवीस वर्षांनी, लिहून देतोय.

आणि दोरी मी आधी सैल केली होती. लिहिता लिहिता कळलं.

पुढच्या वर्षीचा पेच त्याहून मोठा. अधिक ज्येष्ठ आलाय, त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला बसतात, २५ला अनंत चतुर्दशी, लगेच पितृपक्ष. मोकळे उरतात ते पहिले बारा दिवस, तेच बहुतेक मुके. आणि आईला या वेळी खरं सांगून निघायचं आहे.

चिनूचा निकाल कळला, तिला माझ्याकडून पेढे दे. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? वहिनींना नमस्कार, बँकेतल्या त्या बदलीचं काय झालं ते कळव.

रजेचा अर्ज मला डिसेंबरआधी टाकायचाय. ८ ते १२ सप्टेंबर टाकू, की टाकूच नको? तुला राग आला असेल तर रागाने लिही, पण लिही.

तुझा,
मध्या