नुसत्या बर्स्ट मोडने पक्षी टिपता येत नाही

संपादक महोदय,

हिवाळा लागला की भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर कॅमेरेवाल्यांची गर्दी होते. होडी पक्ष्यांजवळ पोचताच शटरचा तडतडाट सुरू होतो आणि घरी आल्यावर शेकडो फोटोंत एकही धारदार निघत नाही. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो. बर्स्ट मोड, म्हणजे बटण दाबून धरले की एकामागोमाग फोटो घेणारी सोय, फक्त फोटोंची संख्या वाढवतो. हालचाल गोठवण्याचे काम शटर स्पीडचे, म्हणजे शटर किती कमी वेळ उघडे राहते त्याचे.

मासा धरायला सूर मारणारा नदी सुरय घ्या. त्याचा वेग सेकंदाला 10 मीटर धरला, तर 1/500 सेकंदात तो 2 सेंटिमीटर सरकतो. चोच आणि डोळा पुसट व्हायला तेवढे पुरते. 1/2000 ला हेच अंतर अर्ध्या सेंटिमीटरवर येते, कमी पडलेला उजेड भरून काढायला आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवावा लागला तरी वाढवावा. सेकंदाला 10 फ्रेम घेतल्या तरी दोन फ्रेमच्या मध्ये पक्षी मीटरभर खाली गेलेला असतो, म्हणून त्याची लकब ओळखायला हवी. सूर मारण्याआधी सुरय अनेकदा वाऱ्याकडे तोंड करून, मान खाली घालून हवेत थबकतो. बटण तेव्हा दाबायचे. वारा आणि ऊन पाठीशी येईल अशी होडी लावली, तर त्याचे तोंड आपल्याकडेच असते.

बोट बटणावरून न उचलणे ही तर सर्रास होणारी चूक. 24 मेगापिक्सेलची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल साधारण 25 ते 30 एमबीची असते. 10 फ्रेमचे सेकंदाला 250 ते 300 एमबी झाले. यूएचएस-1 प्रकारच्या मेमरी कार्डाची प्रमाणित कमाल मर्यादाच सेकंदाला 104 एमबी. उरलेले बफरमध्ये (कॅमेऱ्यातल्या तात्पुरत्या साठ्यात) साठते, बफर भरला की कॅमेरा अडखळतो, आणि नेमका तेव्हाच पक्षी मासा घेऊन वर येतो. एकेका सेकंदाचे तुटक बर्स्ट घ्यावेत.

फोकस एएफ-सीवर (कॅननमध्ये एआय सर्व्हो किंवा सर्व्हो), म्हणजे हलत्या पक्ष्यावर सतत जुळत राहणाऱ्या सेटिंगवर हवा, नाहीतर पहिल्या फ्रेमला तो अडकतो आणि पुढच्या सगळ्या वाया जातात. अनेक कॅमेऱ्यांत आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचते, त्यामुळे फडफडणारे पंख वाकडे दिसतात. तिथे मेकॅनिकल शटर बरे.

सगळ्यात वाईट म्हणजे बर्स्टसाठी रोहित पक्ष्यांचा थवा मुद्दाम उठवणे. त्यांना उडण्याआधी पाण्यावरून धावावे लागते आणि चरण्याच्या वेळात ही शक्ती फुकट जाते. होडीवाल्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हणू नये, इंजिन लांबच बंद करायला सांगावे. आपल्या दैनिकात वाचकांची छायाचित्रे येतात, तेव्हा होडीकडे पाठ करून पळणाऱ्या थव्याचे छायाचित्र कितीही सुंदर असले तरी छापू नये, आणि जे छापाल त्याखाली शटर स्पीड व आयएसओ द्यावा, ही विनंती.

— एक पक्षीछायाचित्रकार, पुणे