पप्पा गेल्यावर ज्यांनी सांभाळलं, त्यांना

पप्पा गेले तेव्हा मी दहावीत होतो. कोल्हापूरच्या पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही आणि होळीला पेठापेठांतली मंडळं तिथं चितेसाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान करतात, हे मला त्या दिवशी कळलं. ज्यांच्या शेणींवर पप्पांना निरोप दिला, त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत. तुमचे मनापासून आभार.

रक्षाविसर्जनाला माझे हात थरथरत होते. मागून एका काकांनी मनगट धरलं. "आता तूच घरचा कर्ता" असं सगळे म्हणत होते. ते काका तसं म्हणाले नाहीत, याचाच फार आधार वाटला.

झोप यायची नाही. एका रात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावला. पलीकडच्या ताई मराठीत बोलल्या. मी बराच वेळ नुसता रडलो, त्यांनी थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "पप्पांबद्दल सांग की." घरात त्यांचं नाव निघालं की सगळे गप्प व्हायचे, सगळं आतच साचलं होतं. मी गंगावेशीच्या कट्ट्यावर आम्ही दोघं प्यायचो त्या धारोष्ण दुधाबद्दल सांगत बसलो.

आता आईला घेऊन तिथं जातो. दूधवाले मामा ग्लास देताना म्हणतात, "तुझ्या पप्पांना फेस जास्त लागायचा." आई हसते.

यंदा होळीला आम्ही दोघांनी 51 शेणी दिल्या.